नावेत पाणी कशाला भरायचे?

गेल्या दिवाळीत मी धसईला बहिणीकडे गेलो होतो. भाताची झोडणी नुकतीच आटोपली होती. अंगणात पोती रचलेली होती आणि बाजूला बैलगाडी उभी होती. माझा भाचा आठवीत शिकतो. तो मोबाइलवर एक चित्रफीत पाहत बसला होता. मध्येच तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मामा, ही माणसं वेडी आहेत का? होडीत पाणी शिरलं तर लोक उपसून बाहेर काढतात. ही मुद्दाम आत भरताहेत!"

मीही पाहिले. परदेशातल्या कुठल्याशा तलावावर एक सुबक यांत्रिक नाव उभी होती. नावेतल्या माणसाने बैठकीखाली एक रिकामी रबरी पिशवी पसरली, तिला नळी जोडली आणि पंप सुरू केला. तलावाचे पाणी पिशवीत येऊ लागले. पिशवी फुगून भाताच्या पोत्यापेक्षाही मोठी झाली. मग नाव निघाली. तिच्या मागे, एकाच बाजूला, कमरेइतकी उंच लाट उठली आणि त्या लाटेवर एक मुलगी फळीवर उभी राहून घसरू लागली. तिच्या हातात दोरी नव्हती. नाव तिला ओढत नव्हती. नावेने उठवलेली लाटच तिला पुढे नेत होती.

या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. 'वेक' म्हणजे चालत्या नावेच्या मागे पाण्यात उमटणारी लाट. पण भाच्याचा प्रश्न खेळाचा नव्हता, पाण्याचा होता. नावेत पाणी कशाला भरायचे? आणि भरायचेच, तर नाव बुडत कशी नाही, फुटत कशी नाही?

हाताशी नाव नव्हती, म्हणून मी त्याला अंगणातल्या बैलगाडीकडे नेले.

बैलगाडीला दोन चाके आणि एक आस. आसाच्या पुढे धुरा आणि धुरेच्या टोकाला जू. बैल सोडलेले होते. मी त्याला म्हटले, "पन्नास किलोचं एक पोतं अगदी मागे टाक." तेवढ्याने फार काही झाले नाही. आणखी दोन टाकली, तेव्हा जू हलके लागू लागले. आणखी दोन टाकताच गाडीने मागे लोळण घेतली आणि जू आभाळाकडे गेले. अशा गाडीला आपल्याकडे 'उलाळ' म्हणतात. बैल जुंपलेले असते तर जुवाची दोरी त्यांच्या गळ्याला आवळली असती. हीच पाच पोती आम्ही पुढे सरकवली, तेव्हा जू इतके जड झाले की भाच्याला ते उचलवेना. ही झाली धुरजड गाडी. तिच्यात बैलांच्या मानेवर ओझे येते. जाणता गाडीवान पोती आसाच्या थोडी पुढे अशी रचतो की जुवावर बेताचाच भार राहावा.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, जू आसापासून ३ मीटर पुढे आहे आणि पोते आसाच्या १ मीटर मागे आहे. तर ५० किलोचे पोते जुवाला ५० भागिले ३, म्हणजे सुमारे १७ किलोच्या जोराने वर उचलते. पाच पोत्यांचा जोर ८५ किलोच्या आसपास जातो. तीच पोती आसावर बरोबर मध्यभागी ठेवली तर हा जोर शून्य होतो. पोती तीच आणि वजनही तेच, पण जागा बदलताच गाडीचा स्वभाव बदलला.

नावेला मात्र आस नसतो. तिला खालून पाणीच उचलून धरते. तेव्हा पाणी कसे उचलते ते आधी पाहू.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूच घट्ट लावा आणि हौदात सोडा. ती आडवी तरंगेल. उभी धरून सोडली तरी लगेच आडवी होईल. आता तिच्यात दोन-तीन मुठी कोरडी वाळू घाला आणि पुन्हा सोडा. बाटली थोडी अधिक बुडेल, पण ताठ उभी राहील. बोटाने कलती केली तर झुलून पुन्हा उभी होईल. आता वाळू काढून तेवढ्याच वजनाचा दगड बाटलीच्या गळ्याला बांधा. क्षणात उलटी!

असे का होते? बाटलीवर दोन बले काम करतात. तिचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल, बाटलीचा जेवढा भाग पाण्याखाली आहे त्याच्या मध्यातून वर ढकलते. बाटली कलली की ज्या बाजूला ती कलते तिकडचा जास्त भाग पाण्याखाली जातो आणि प्लावक बलही त्या बाजूला सरकते. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल, तर ही दोन बले मिळून बाटलीला परत सरळ करतात. तो फार वर असेल, तर तीच दोन बले तिला आणखी कलवतात आणि उलथवतात. गावच्या दूध डेअरीत दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. त्या काचेच्या नळीच्या तळाशी फुगा असतो आणि त्यात शिशाचे छर्रे भरलेले असतात. ते नसते तर लॅक्टोमीटर दुधात आडवा पडला असता आणि त्यावरचे आकडे वाचताच आले नसते.

नावेच्या तळाशी मुद्दाम भरलेल्या अशा वजनाला मराठीत 'नीरम' हा फार जुना शब्द आहे. इंग्रजीत त्याला बॅलास्ट म्हणतात. हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवर रुळांखाली जी खडी दिसते, तिला रेल्वेचे लोक बॅलास्टच म्हणतात. इंग्लंडमध्ये कोळसा न्यायला येणारी रिकामी जहाजे नीरम म्हणून दगडगोटे भरून आणीत आणि ते बंदरावर उतरवून टाकीत. तेच दगड कोळशाच्या गाड्यांच्या रुळांखाली घातले गेले आणि नावही तिथेच चिकटले, असे सांगतात.

रिकामे जहाज आणि दगड यांचा संबंध आपल्या भागालाही परका नाही. मुरबाड तालुक्यातून वर जुन्नरला चढणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळापासूनचा व्यापारी मार्ग. बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या गोणी लादून माल या वाटेने कल्याण आणि सोपारा बंदरांकडे जाई. (एका बाजूची गोणी जड झाली की बैल वाकडा चालतो, म्हणजे इथेही तोच नियम.) बंदरात जहाजाने जड माल उतरवला आणि त्या जागी कापडासारखा हलका माल घेतला, तर ते पाण्यावर उंच तरंगू लागते आणि वाऱ्याने सहज कलते. मग तळाशी दगड किंवा वाळू भरावी लागते. शिडाच्या जहाजांना हे चुकतच नाही, कारण शिडांवरचा वारा त्यांना सतत आडवे पाडू पाहत असतो.

नीरम कमी पडले तर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वीडनचे आहे. १६२८ साली तिथल्या राजाने 'वासा' नावाची मोठी युद्धनौका बांधून घेतली. तिच्यावर ६४ तोफा दोन मजल्यांवर बसवल्या होत्या. म्हणजे वजन वर गेले. निघण्यापूर्वी तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून पाहिले. जहाज इतके डुलू लागले की परीक्षा मध्येच थांबवावी लागली. तळात सुमारे १२० टन दगड भरलेले होते. आणखी का भरले नाहीत? तर आणखी भरले असते तर जहाज आणखी खाली बसले असते आणि खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या! १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोमच्या बंदरातून निघाले आणि दीड किलोमीटरही गेले नसेल तोच वाऱ्याच्या झोताने कलले. उघड्या खिडक्यांतून पाणी आत आले आणि जहाज तळाशी गेले. १९६१ साली ते पाण्यातून वर काढले. आज ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभे आहे.

वासाच्या या गोष्टीतला पेच नीट लक्षात घ्या. नीरम भरले की नाव स्थिर होते, पण त्याचबरोबर तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. दोन्ही गोष्टी एकदमच घडतात.

आणि वजन जागेवर राहिले नाही तर? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट वाटेत पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आषाढातली अमावास्या होती, पुष्कळ उतारू सणासाठी गावी चालले होते. मोठी लाट आदळून बोट कलली आणि घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, असे तिच्याविषयी सांगतात. शेकडो माणसे म्हणजे कित्येक टन वजन. ते धावत एका काठाला गेले, तर गुरुत्वमध्यही त्यांच्याबरोबर तिकडे जातो. होडीत बसल्यावर होडीवाला "उठू नका, बसून राहा" असे दरडावतो ना? तो उगीच दरडावत नाही. उभे राहिलात की तुमचे वजन वर जाते आणि एका बाजूला सरकलात की ते बाजूला जाते.

आता चित्रफितीतल्या नावेकडे वळू.

ती नाव शिडाची नाही, तिच्यावर तोफाही नाहीत. पाणी न भरताही ती व्यवस्थित स्थिर तरंगते. मग तिला ओझे कशाला? तर तिला मुद्दाम खोल बसवण्यासाठी. आर्किमिडीजने सांगितले आहे की तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. तीन टनांची नाव तीन टन पाणी बाजूला सारते. तिच्यात दीड टन भर घातली तर साडेचार टन सारते. नाव पुढे गेली की तिने केलेला खळगा मागे रिकामा होतो आणि बाजूला सारलेले पाणी तो भरायला धावून येते. दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांवर चढते, तीच मागची लाट. खळगा मोठा, तर लाटही मोठी.

वेगही बेताचाच हवा. ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपास. त्याहून हळू गेल्यास लाट लहान राहते. फार जोरात गेल्यास नाव पाण्यात रुतायचे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते आणि खळगाच उथळ होतो. बेताच्या वेगात नावेचे तोंड वर आणि पिछाडी खोल, अशी ती पाणी नांगरत जाते. तिच्या मागची लाट तिच्याच वेगाने मागोमाग येते. खेळणारा त्या लाटेच्या उतारावर असतो. तो सतत खाली घसरतो आणि उतार सतत त्याच्याबरोबर पुढे येतो. संपतच नाही अशी घसरगुंडी म्हणा ना!

म्हणून वजन बहुतेक पिछाडीला आणि त्यातही एका बाजूला जास्त ठेवतात. डाव्या बाजूला खेळायचे असेल तर डावीकडे. नाव तिकडे थोडी कलते आणि त्या बाजूची लाट स्वच्छ, गुळगुळीत उठते. थोडे वजन पुढेही ठेवावे लागते, नाहीतर तोंड इतके वर जाते की चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. म्हणजे गाडीवानाची उलाळ आणि धुरजड इथेही आलीच, फक्त इथे नाव थोडी उलाळ हवी असते.

किती वजन भरतात? एका खेपेला हजार ते दोन हजार किलोदेखील. त्याने नाव किती बसते, ते काढून पाहू. समजा, पाण्याच्या पातळीला नावेचा आडवा छेद १२ चौरस मीटर आहे. १२०० किलो वजन भरले म्हणजे तिने १२०० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर जास्त पाणी सारले पाहिजे. १.२ भागिले १२ म्हणजे ०.१ मीटर. नाव सगळीकडून १० सेंटिमीटर खाली बसेल. पण वजन सगळे मागे असेल तर पिछाडी त्याहून पुष्कळ जास्त बसेल. त्यात पाच-सहा माणसे. तीही वजनच आहेत. साठ-साठ किलोची सहा माणसे म्हणजे ३६० किलो. नाव बनवणाऱ्याने तिच्यावर किती भार चालेल याची पट्टी लावलेली असते. त्या आकड्यात माणसे, सामान आणि जादा भरलेले पाणी असे सगळे एकत्र मोजायचे असते. पुष्कळांची चूक इथेच होते. पाणी 'आपलेच' म्हणून ते मोजत नाहीत. मग अशी भरलेली नाव चटकन थांबवली, की तिचे तोंड खाली येते आणि तिनेच उठवलेली लाट पिछाडीवरून किंवा तोंडावरून आत येते. वासाच्या खिडक्यांची आठवण होते की नाही?

पण हे ओझे दगडांचे का नाही? धसईच्या ओढ्यात दगडांना काय तोटा? भाच्याने हेच विचारले. उत्तर आहे दाबात.

वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. ४० सेंटिमीटर उंच भरलेली पाण्याची पिशवी नावेच्या तळावर सपाट पसरते. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला फक्त ४० ग्रॅम होतो. आता २५ किलोचा लोखंडी ठोकळा घ्या आणि तो कोपऱ्यावर टेकला आहे असे समजा. कोपऱ्याची टेकण्याची जागा २ चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेबारा किलो झाला. पिशवीच्या तीनशे पटींहून अधिक! शिवाय नाव लाटेवर आपटते तेव्हा ठोकळा क्षणभर उचलला जाऊन पुन्हा आदळतो. त्याचा तडाखा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. नावेचा तळ आतून पाहिला तर काचतंतूंचा पातळ पत्रा आणि त्याखाली ठरावीक अंतरावर फासळ्या. दोन फासळ्यांच्या मधोमध ठोकळा आदळला तर तडा जाणारच. जुन्या शिडाच्या जहाजांवरचे लोकही मालाखाली फळ्या, चटया आणि काटक्या अंथरीत, ते याचसाठी.

पाण्याच्या पिशवीचा दुसरा गुण म्हणजे ती येताना आणावी लागत नाही. घडी करून काखेत न्यावी, तलावावर भरावी. एक लिटर पाणी एक किलो. मोजायला तराजूही नको.

मात्र पिशवीही मऊ दिसते तितकी गरीब नाही. नावेत बैठकीखाली कप्पे असतात. त्यांच्या बाजू पातळ फळ्यांच्या आणि झाकणावर गादी. पिशवी कप्प्यात घालून पंप सुरू केला आणि माणूस गप्पा मारत बसला, तर पिशवी भरल्यावरही पंप ढकलतच राहतो. पाणी दाबून आकसत नाही, मग ते बाजूच्या फळ्या ढकलते. पास्कलने दाखवले आहे की कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, पंपाचा जोर दोन मीटर उंच पाण्याइतका आहे आणि कप्प्याची फळी ५० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच उंच आहे. क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. दोन मीटर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला २००० किलो, म्हणजे फळीवर ५०० किलोचा रेटा! दहा पोती एकदम फळीला रेलून बसल्यासारखे. स्क्रू उपटतात, झाकण वाकते, आणि माणसाला कळत नाही की साध्या पाण्याने हे केले. म्हणून पिशवी कप्प्यापेक्षा थोडी लहान निवडायची, भरताना शेजारी उभे राहायचे आणि ती फुगून फळीला घट्ट टेकण्याआधी पंप बंद करायचा. भरण्यापूर्वी कप्प्यात हात फिरवून स्क्रूची टोके, खिळे, धारदार कडा कुठे आहेत का ते पाहायचे, आणि खाली रबराची किंवा जाड गोणपाटासारखी मऊ चटई घालायची. इंजिनाच्या हवेच्या वाटा आणि विजेच्या तारा मोकळ्या ठेवायच्या. पिशवीला पट्टे लावून तळाच्या कड्यांना बांधायचे. पट्टे बैठकीच्या फळीला बांधून उपयोग नाही, ती फळीच उपटून येईल.

आता अर्धी भरलेली पिशवी. परातीत अर्धे पाणी घेऊन चालून पाहा. जरा कलली की सगळे पाणी त्या बाजूला पळते आणि परात आणखी कलते. काठोकाठ भरून बूच लावलेली बाटली मात्र कशीही हलवा, आतले पाणी पळत नाही, कारण पळायला जागाच नाही. एप्रिल-मे महिन्यांत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात. (ज्या शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे आहेत आणि ज्यांचे पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यात टँकर यावा हे मला कधीच नीट पचलेले नाही. असो.) त्या टँकरच्या पोटात पत्र्याच्या आडव्या भिंती असतात आणि त्यांना भोके असतात. पाणी एकदम एका टोकाला धावू नये म्हणून ही योजना. नावेतल्या पिशवीत अशा भिंती क्वचितच असतात. म्हणून नियम असा की पिशवी एक तर पूर्ण भरा, हवा काढून टाका, नाही तर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी पिशवी नाव कलली की त्याच बाजूला धावते. 'रामदास'वरच्या उतारूंसारखी.

जागा फारच थोडी असेल तिथे काही लोक शिसे वापरतात. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट. १०० किलो शिसे ९ लिटरपेक्षाही कमी जागेत मावते. पण ठोकळे नव्हेत, तर बारीक छर्रे, तेही मजबूत कापडाच्या दहा-वीस किलोंच्या पिशव्यांत शिवलेले. ती पिशवी तळाच्या आकाराप्रमाणे पसरते, कोपरा टेकत नाही. शिसे विषारी असते. उघडे हाताळू नये, पिण्याच्या पाण्याजवळ नेऊ नये. शिवाय एक मोठा फरक आहे. समजा, नाव पाण्याने भरली. तेव्हा पाण्याच्या पिशवीला पाण्यात वजनच उरत नाही, ती नावेला खाली ओढत नाही. १०० किलो शिसे मात्र फक्त ९ किलोंनी हलके होते आणि उरलेल्या ९१ किलोंनी नावेला तळाकडे ओढत राहते. म्हणून मला विचाराल तर पाणी बरे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या नावेचे मळसूत्र पिछाडीला बाहेर असते, तिच्या मागे असा खेळ कधीही खेळू नये. घसरणारा माणूस नावेच्या अगदी जवळ असतो, पडला तर सरळ पात्यांवर जाईल. वेकसर्फिंगच्या नावांचे मळसूत्र तळाखाली, बरेच पुढे असते. इंजिनाचा धूरही पिछाडीलाच साचतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू वासाने कळत नाही.

मोठी लाट काठावर जाऊन काय करते, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी या नावांच्या लाटा प्रत्यक्ष मोजल्या. साध्या नावेची लाट साठ मीटरवर जितकी मंदावते, तितकी मंदावायला वेकसर्फिंगच्या नावेच्या लाटेला दीडशे मीटरांहून अधिक अंतर लागते, असे त्यांनी २०२२ साली सांगितले. तोवर ती काठाची माती खाते, गाळ ढवळते.

खेळ संपला की पिशव्या तिथेच, त्याच तलावात रिकाम्या करायच्या. पाण्याबरोबर जीवही प्रवास करतात. समुद्री जहाजे एका बंदरात नीरमाचे पाणी भरतात आणि दुसऱ्या खंडात सोडतात. त्या पाण्यातून बारीक अळ्या, शेवाळ, शिंपले नव्या ठिकाणी पोचतात. युरोपातला पट्टेरी झेब्रा शिंपला असाच उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत शिरला आणि १९८८ साली लोकांच्या नजरेस आला. त्याने पाण्याचे नळ बुजवून टाकले. मध्य अमेरिकेकडचा एक शिंपला जहाजांबरोबर आपल्या विशाखापट्टणमला आला. तो तिथे १९६७ साली आढळला, पुढे मुंबई बंदरातही दिसला. म्हणून २००४ साली राष्ट्रांनी नीरमाच्या पाण्याविषयी एक करार केला. तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. लहान नावांच्या पिशव्यांतही हेच घडू शकते, फक्त समुद्राऐवजी एका तलावातून दुसऱ्या तलावात.

पिशव्या तिथेच रिकाम्या करण्याचे दुसरे कारण भाच्याने स्वतःच शोधले. चित्रफितीच्या शेवटी नाव पाण्यातून काढून एका चाकांच्या गाड्यावर चढवतात आणि मोटारीमागे जोडून घरी नेतात. पाण्यात असताना नावेच्या तळाला पाणी सगळीकडून सारखे टेकू देते. गाड्यावर मात्र ती दोन अरुंद फळ्यांवर टेकते. हजार किलो पाणी आत ठेवूनच चढवली, तर सगळा भार त्या दोन फळ्यांवर. तळ तिथेच दबतो.

"आणि पाणी मागच्या बाजूला असेल," भाचा म्हणाला, "तर तो गाडा उलाळ होईल. मोटारीचं मागचं टोक वर उचलेल!"

अगदी बरोबर. मोटारीला जोडायच्या गाड्याचा बराचसा भार आसावर आणि थोडासा पुढच्या जोडावर असावा लागतो. मागे भार गेला की गाडा रस्त्यावर शेपटीसारखा डाव्या-उजव्या बाजूंना झोले खाऊ लागतो.

एवढे होईपर्यंत अंधार पडला होता. पाच पोती अजून गाडीतच होती. बहीण ओट्यावरून ओरडली, "अरे, ती पोती आधी घरात घ्या! दव पडेल." आम्ही दोघांनी मिळून ती उतरवली. भाच्याने मागची दोन आधी काढली.